‘म’चा आकडा किती? हेक्स आणि दशमान यांची ये-जा

‘म’ या अक्षराचा आकडा किती? युनिकोडचा, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणारा, तक्ता उघडला तर तिथे ०९२ई असं लिहिलेलं दिसतं. एखाद्या जुन्या वेबपानाचा सोर्स उघडला, तर त्याच ‘म’च्या जागी अँडचं चिन्ह, हॅश, मग २३५० आणि अर्धविराम. मराठी विकिपीडियाची लिंक कॉपी करून व्हॉट्सॲपवर चिकटवली, तर ‘म’ उलगडतो आणि टक्के-ई०, टक्के-ए४, टक्के-एई अशी लांबलचक शेपटी येते. अक्षर एकच, रूपं तीन.

माझी हेक्साडेसिमलशी, म्हणजे सोळाच्या पटीत मोजायच्या ‘हेक्स’ पद्धतीशी, खरी ओळख अशीच झाली. (आपली नेहमीची, दहाच्या पटीतली पद्धत ती दशमान.) एका संस्थेचं जुनं संकेतस्थळ नव्या जागी हलवायचं काम माझ्याकडे आलं होतं. शेकडो पानं, आणि मराठी मजकुराच्या जागी नुसते आकडे: २३५०, २३५२, २३६६, २३३६, २३६८. मी युनिकोडच्या तक्त्यात २३५० शोधायला गेले तर तिथे भलतंच काहीतरी निघालं. तक्ता हेक्समध्ये असतो आणि पानावरचा आकडा दशमानातला होता, हे लक्षात यायला अख्खी संध्याकाळ गेली. ते पाच आकडे म्हणजे ‘मराठी’ हा शब्द होता: म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी.

एक गोष्ट आधीच सांगते. या लेखात आज्ञा, फंक्शनची नावं, हेक्सची अक्षरं सगळं देवनागरीत लिहिलं आहे. कळफलकावर मात्र ते रोमन लिपीतच टंकायचं. हेक्सचे अंक ० ते ९ आणि पुढे ए, बी, सी, डी, ई, एफ असे सोळा. ए म्हणजे दहा, बी अकरा, असं करत एफ म्हणजे पंधरा.

सोळाचा हिशेब आपल्याला परका नाही. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे येईपर्यंत या देशात रुपयाचे सोळा आणे होते. शेराच्या छटाकाही सोळाच. ‘सोळा आणे खरं’ असं आपण अजूनही म्हणतो. आजीच्या पिढीला ‘एकशे सेहेचाळीस रुपये चौदा आणे’ ऐकून एकूण आणे किती हे तोंडी सांगता यायचं. हेक्सचं दशमान करताना आपण नेमकं तेवढंच करतो.

आता २३५० हेक्समध्ये कसं लिहायचं ते बघू. समजा आपल्याकडे २३५० आणे आहेत. सोळाने भागले की १४६ रुपये होतात आणि १४ आणे उरतात. हे १४ म्हणजे आपला शेवटचा अंक, ई. आता समजा सोळा रुपयांची एक थैली बांधायची. १४६ रुपयांच्या ९ थैल्या होतात, २ रुपये उरतात. ते २ मधला अंक. नऊ थैल्यांची पुढे सोळाची मोठी थैली होत नाही, म्हणून ९ पहिला अंक. थैल्या ९, रुपये २, आणे १४. एकत्र लिहिलं की ९२ई. बाकी खालून वर वाचायची, एवढंच विसरायचं नाही. पहिल्यांदा करणारे हमखास इथेच चुकतात आणि ई२९ लिहून बसतात.

उलट येताना डावीकडून सुरुवात करायची. ९ हातात घ्या. सोळाने गुणा, पुढचा अंक मिळवा: १४४ अधिक २, झाले १४६. परत सोळाने गुणा, पुढचा अंक मिळवा: २३३६ अधिक १४, झाले २३५०. स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहिताना लूपमध्ये (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींत) हीच दोन कामं असतात, गुणा आणि मिळवा. शाळेत शिकवतात तशी सोळाचा वर्ग, सोळाचा घन अशी मांडणी करायची गरजच पडत नाही.

या थैल्यांच्या उदाहरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी: मोजणी बदलली तरी पैसे तेवढेच राहिले. ‘२३५० आणे’ काय आणि ‘९ थैल्या २ रुपये १४ आणे’ काय, ढीग तोच. कॉम्प्युटरच्या आत तसा फक्त ढीग असतो. त्या ढिगाला ना दशमान ठाऊक, ना हेक्स. दशमान आणि हेक्स या दोन्ही त्या ढिगाच्या लेखी पावत्या आहेत, म्हणजे मजकूर आहेत. त्यामुळे ‘हेक्सचं दशमान कर’ असं आपण म्हणतो तेव्हा स्क्रिप्ट दोन वेगळी कामं करते: पावती वाचून ढीग घालणं, आणि मग ढीग मोजून दुसरी पावती लिहिणं. ही दोन कामं मनात वेगळी ठेवली की पुढचं सगळं सोपं आहे. ती एकमेकांत मिसळली की तासन् तास चूक सापडत नाही.

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत पावती वाचायचं काम ‘इंट’ हे फंक्शन (तयार आज्ञा) करतं. त्याला अवतरणात मजकूर द्यायचा आणि शेजारी पाया, म्हणजे कितीच्या हिशेबात वाचायचं ते, सांगायचा:

इंट("९२ई", १६) → २३५०

आणि ढिगाची हेक्समधली पावती लिहायचं काम ‘हेक्स’ करतं:

हेक्स(२३५०) → "०एक्स९२ई"

दुसऱ्या ओळीतल्या उत्तराभोवती अवतरणचिन्हं आहेत, ती नीट पाहा. उत्तर संख्या नाही, मजकूर आहे. त्यात १ मिळवायला गेलात तर पायथॉन तिथेच अडवतो. पुढचं शून्य-एक्स ही खूण आहे, ‘यापुढचं सोळाच्या हिशेबात वाचा’ असं सांगणारी. ‘इंट’ला पाया १६ सांगितला असेल तर ती खूण असली काय, नसली काय, त्याला चालतं. पाया ० दिला तर तो मजकुरावरची खूण पाहून स्वतः ठरवतो.

युनिकोडच्या तक्त्यासारखे चार अंकी, मोठ्या लिपीतले आकडे हवे असतील तर ‘हेक्स’ऐवजी ‘फॉरमॅट’ वापरावं. त्याला "०४एक्स" अशी सूचना द्यायची, त्यातला एक्स मोठ्या लिपीतला. म्हणजे चार घरं, रिकामी राहतील तिथे शून्य, अक्षरं मोठी. मग २३५० चं "०९२ई" मिळतं. मी ‘हेक्स’ फारसं वापरतच नाही. खूण काढून टाका, शून्यं भरा, यापेक्षा ‘फॉरमॅट’ बरं.

पायथॉनची एक गोष्ट मराठी माणसाला सांगायलाच हवी. ‘इंट’ला देवनागरी अंक समजतात. अवतरणात देवनागरी लिपीत "२३५०" टंकून दिलंत तरी तो बिनतक्रार २३५० ही संख्या देतो. मराठी फॉर्ममध्ये कुणी वय देवनागरीत भरलं असेल तर याचा फार उपयोग होतो. मात्र हे अवतरणातल्या मजकुरापुरतंच. प्रोग्रॅमच्या ओळीत थेट देवनागरी अंक लिहिले तर पायथॉन ते स्वीकारत नाही. हेक्सचा ई देवनागरीत दिला तर तोही चालत नाही, तो रोमनच हवा. वेबपानांसाठी वापरल्या जाणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेतलं ‘पार्सइंट’ मात्र देवनागरी अंकाला संख्या मानतच नाही.

आता नावांचा घोळ. पर्ल ही लॅरी वॉल यांची १९८७ सालची भाषा, पायथॉन गिडो व्हान रॉसम यांची, १९९१ सालची. दोन्हींत ‘हेक्स’ नावाचं फंक्शन आहे आणि दोन्हींत त्याचा अर्थ बरोबर उलटा आहे. पायथॉनचं ‘हेक्स’ संख्या घेऊन हेक्सचा मजकूर लिहितं. पर्लचं ‘हेक्स’ हेक्सचा मजकूर वाचून संख्या देतं. पायथॉनची सवय असलेल्या माणसाने पर्लमध्ये हेक्स(२३५०) लिहिलं तर काय होतं? पर्ल तक्रार करत नाही. तो २३५० हाच हेक्सचा मजकूर समजतो आणि शांतपणे ९०४० हे उत्तर देतो. उलट चूक पायथॉनमध्ये केली, म्हणजे ‘हेक्स’ला "९२ई" हा मजकूर दिला, तर तो लगेच एरर देऊन थांबतो. थांबणारी भाषा मला जास्त प्रामाणिक वाटते. पर्लमध्ये हेक्सची पावती लिहायची असेल तर ‘एसप्रिंटएफ’ला टक्के-एक्स ही सूचना द्यायची.

लिनक्सच्या बॅश शेलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकून काम करायच्या जागी, दुहेरी कंसाच्या गणितात १६#९२ई लिहिलं की २३५० मिळतात, आणि ‘प्रिंटएफ’ला टक्के-एक्स सांगून उलट जाता येतं. तिथला काटा वेगळाच आहे. सुरुवातीला शून्य लावलेला आकडा शेल आठाच्या हिशेबातला समजतं. ०१० म्हणजे तिथे आठ. तारखेतून ऑगस्ट महिन्याचा ०८ काढून त्याच्यावर गणित करायला गेलं की स्क्रिप्ट मोडते, कारण आठाच्या हिशेबात ८ हा अंकच नाही. सात महिने सुरळीत चाललेली स्क्रिप्ट ऑगस्टमध्ये का पडते, याचं हे उत्तर.

शेलवरचा जुना गणकयंत्री प्रोग्रॅम ‘बीसी’ही बरेच जण वापरतात. त्यात आयबेस म्हणजे वाचण्याचा पाया, ओबेस म्हणजे लिहिण्याचा. हेक्स वाचून दशमान हवं म्हणून आयबेस १६ केला आणि पाठोपाठ ओबेस १० केला, तर उत्तर हेक्समध्येच येत राहतं. कारण पहिली आज्ञा पोचताक्षणी बीसी सगळं सोळाच्या हिशेबात वाचू लागतो, आणि सोळाच्या हिशेबात ‘१०’ म्हणजे सोळा. ओबेस आधी सांगा, आयबेस नंतर. अक्षरंही मोठ्या लिपीतली द्या, लहान अक्षर त्याला व्हेरिएबलचं नाव वाटतं.

जावास्क्रिप्टमध्ये वाचायला ‘पार्सइंट’ आणि लिहायला ‘टूस्ट्रिंग’, दोघांनाही १६ सांगायचे. पार्सइंटला पाया सांगायला विसरलात तर तो ओळखीचे अंक संपतील तिथे थांबतो आणि तेवढंच उत्तर देतो. "९२ई" दिलं की ९२. एरर नाही, काही नाही.

या ई अक्षराबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण त्याने मला खूप त्रास दिला. एका कामात शंभरेक यंत्रांचे ओळख-क्रमांक स्प्रेडशीटमधून आले होते. ते हेक्समधले, चार अंकी. माझी स्क्रिप्ट बाकी सगळी यंत्रं ओळखत होती, सात-आठ मात्र सापडत नव्हती. त्यांच्या रांगा एकेक करून उघडल्या तेव्हा दिसलं, की मूळ क्रमांक ९२ई१ सारखे होते आणि स्प्रेडशीटमध्ये त्यांच्या जागी ९२० सारखे आकडे होते. ई हे अक्षर शास्त्रीय लेखनात ‘गुणिले दहाचा घात’ या अर्थानेही वापरतात. ९२ई१ म्हणजे ९२ गुणिले दहाचा पहिला घात, ९२०. फाईल उघडणाऱ्या प्रोग्रॅमने तो मजकूर संख्या समजून वाचला आणि मूळ पावती फाडून टाकली. ज्या क्रमांकात नुसते अंक होते त्यांची सुरुवातीची शून्यंही गेली होती.

तोच चार अक्षरांचा मजकूर घ्या, "९२ई१". सोळाच्या पायाने वाचला तर ३७६०१. शास्त्रीय लेखन म्हणून वाचला तर ९२०. पाया न सांगता पार्सइंटला दिला तर ९२. तिघांनीही आपापल्या नियमाने बरोबरच वाचलं आहे. म्हणून असे स्तंभ फाईल आत घेतानाच ‘मजकूर’ म्हणून घ्यायला सांगावेत. एकदा ९२० झाल्यावर मूळ क्रमांक परत मिळत नाही.

आता जरा खऱ्या वस्तूकडे वळू. इंजिनिअरिंगच्या मुलांच्या प्रोजेक्टमध्ये हमखास दिसणारा तापमानाचा सेन्सर म्हणजे डीएस१८बी२०. तीन पायांचा, काळा, नखाएवढा. तो तापमान अंशाच्या सोळाव्या भागात मोजतो, म्हणजे आपल्या भाषेत आण्यांत. त्याच्याकडून ०१९१ हा हेक्स आकडा आला, तर दशमानात तो ४०१. सोळाने भागले की २५ आणि बाकी १: पंचवीस अंश एक आणा, म्हणजे २५.०६२५ अंश सेल्सिअस. बघा, हेक्समध्ये शेवटचा अंक सोडून बाकीचे वाचले की पूर्ण अंश थेट मिळतात. ०१९ म्हणजे पंचवीस. या कामाला दशमानापेक्षा हेक्सच सोयीचं.

पण रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर या सेन्सरची फाईल उघडली तर पहिले दोन बाइट (एक बाइट म्हणजे हेक्सचे दोन अंक) ९१ ०१ अशा क्रमाने दिसतात. सेन्सर धाकटा बाइट आधी पाठवतो, थोरला नंतर. आधी आणे, मग रुपये सांगितल्यासारखं. तसंच जोडून ९१०१ वाचलं तर ३७१२१ येतात आणि तापमान दोन हजार अंशांच्या वर जातं. अशी बेफाट किंमत दिसली की आधी बाइटांचा क्रम उलटा करून बघावा.

दुसरी अडचण शून्याखालची. फ्रीझरमधल्या सेन्सरकडून एफएफ५ई आलं. सरळ वाचलं तर ६५३७४, म्हणजे चार हजार अंश. खरं तापमान उणे १०.१२५ आहे. सोळा बिटांत (बिट म्हणजे ० किंवा १ एवढंच मावणारं घर) एकूण ६५५३६ आकडे मावतात, आणि त्यातला वरचा अर्धा भाग उणे संख्यांसाठी ठेवायचा असा संकेत आहे. म्हणून वाचलेला आकडा ३२७६८ किंवा त्याहून मोठा असेल तर त्यातून ६५५३६ वजा करायचे. ६५३७४ वजा ६५५३६ म्हणजे उणे १६२, त्याला सोळाने भागलं की उणे १०.१२५. आकडा उणे आहे की नाही, हे हेक्सच्या मजकुरावर कुठेच लिहिलेलं नसतं. ते सेन्सरच्या माहितीपत्रकातच वाचावं लागतं, आणि किती बिटांचा आकडा आहे तेही. पायथॉनचं ‘इंट’ याबाबतीत काही मदत करत नाही, तो ६५३७४ च देणार. त्यासाठी ‘फ्रॉम-बाइट्स’ आहे: त्याला बाइट द्या, क्रम ‘लिटल’ (धाकटा आधी) सांगा, ‘साइन्ड’ (उणे संख्याही असू शकते) खरं आहे असं सांगा, वजाबाकी तो करतो.

याच सेन्सरला ६४ बिटांचा स्वतःचा क्रमांकही असतो, हेक्समध्ये सोळा अंकी. तो जावास्क्रिप्टमध्ये साध्या संख्येत वाचू नये. तिथली साधी संख्या ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच बिनचूक असते, त्यापुढे शेवटचे अंक चुकू लागतात. ‘बिगइंट’ हा मोठ्या पूर्णांकांचा प्रकार वापरावा, किंवा मजकूर मजकूरच राहू द्यावा. क्रमांकाची बेरीज-वजाबाकी करायचीच नसते. पायथॉनच्या पूर्णांकाला अशी मर्यादा नाही.

आता सुरुवातीचं तिसरं रूप राहिलं, लिंकमधलं: ई०, ए४, एई. हे तीन तुकडे जोडून एकच हेक्स आकडा मानला तर १४७२२२२२ येतात. पायथॉनचं ‘सीएचआर’ हे फंक्शन आकडा घेऊन अक्षर देतं. २३५० दिले तर ‘म’. त्याला १४७२२२२२ दिले तर एरर येते, कारण युनिकोडची शेवटची जागाच १११४१११ आहे. इथे रूपांतर चुकलेलं नसतं. हे तीन वेगळे बाइट आहेत, आणि अक्षराचा आकडा त्यांत यूटीएफ-८ नावाच्या पद्धतीने घडी घालून ठेवलेला आहे. रोजच्या कामात ‘अनकोट’ नावाचं तयार फंक्शन ती घडी उलगडतं, आणि वेबपानातल्या २३५० सारख्या आकड्यांसाठी ‘अनएस्केप’ आहे. माझी ती शेकडो पानं शेवटी त्यानेच सरळ झाली. पण एकदा तरी ही घडी हाताने उलगडून बघावी.

हेक्सचा प्रत्येक अंक म्हणजे बरोबर चार बिट. म्हणून तर प्रोग्रॅमर दशमान सोडून हेक्स वापरतात. अंकाअंकाने बिट लिहिता येतात, भागाकार लागत नाही. ई० म्हणजे १११० ००००. ए४ म्हणजे १०१० ०१००. एई म्हणजे १०१० १११०. पहिल्या बाइटच्या सुरुवातीचे १११० हे ‘अक्षर तीन बाइटांचं आहे’ असं सांगतात. पुढच्या दोन्हींच्या सुरुवातीचे १० हे ‘मी मागच्याचा पुढचा तुकडा’ असं सांगतात. हे सगळे बिल्ले काढून टाका. उरतात ००००, १००१०० आणि १०१११०. ते सलग लिहा आणि चार-चारचे गट पाडा: ००००, १००१, ००१०, १११०. आता प्रत्येक गटाचा अंक लिहा.

०, ९, २, ई.

‘ळ’ची लिंक ई०, ए४, बी३ अशी येते. तिच्यावर हेच केलं की ०९३३ हाती लागतं, आणि इंट("०९३३", १६) म्हणतं २३५५.